नव्या टायरची विषम नक्षी : दोष कोणाचा ?

आमच्या गोव्यात डिचोली, सत्तरी किंवा सांगे या तालुक्यांत वाढलेल्या मुलाला खनिज वाहणारा ट्रक अपरिचित नाही. डोंगरातील खाणीपासून मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठावरील धक्क्यांपर्यंत लोहखनिज पोचवावे, तेथून ते बार्जमधून मुरगाव बंदराकडे जावे, असा क्रम कित्येक दशके चालत आला. तांबड्या धुळीने माखलेले ते वाहन आपण पाहतो, त्याचा कर्णा ऐकून रस्त्याच्या कडेला सरतो. परंतु ज्यांच्यावर त्याचा सारा भार तोललेला असतो, त्या टायरांकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

मालकाला मात्र तसे करून चालत नाही. खाणीच्या कच्च्या, चिखलाच्या आणि खडकाळ वाटेसाठी तो जाड, खोल खाचांचे नवे टायर विकत घेतो. पुष्कळदा त्याच्यापाशी हा एकच ट्रक असतो व त्याच्यावर बँकेचे कर्जही असते. त्यामुळे नव्या टायरांचा खर्च म्हणजे कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या बचतीचा प्रश्न होय. असे असता, टायर बसवून थोडे दिवस झाले नाहीत तोच त्याच्या ध्यानात येते की, नक्षीचे ठोकळे सारखे दिसत नाहीत. एक उंच तर शेजारचा बुटका, एकीकडे धार तर दुसरीकडे गोलाई. मग वाद सुरू होतो. मालक म्हणतो, टायरच वाईट निघाला. दुकानदार म्हणतो, गाडीचा पुढचा आस वाकडा आहे. चालक रस्त्याकडे बोट दाखवितो. तिघेही तर्क करतात. मोजून पाहणारा कोणी नसतो.

हा वाद केवळ पैशाचा असता तर आम्ही त्याविषयी येथे लिहिले नसते. दोष गाडीत असताना टायर बदलला, तर दुसरा नवा टायरही त्याच वाटेने जातो. उलटपक्षी दोष टायरच्या पोटात असताना तो रस्त्याच्या माथी मारला, तर भरलेला ट्रक घाट उतरत असता टायर फुटण्याचा प्रसंग येतो. आणि त्याच रस्त्याने आपण शाळेला येत असतो. यास्तव नव्या टायरची विषमता कशी ओळखावी, हे थोडे विस्ताराने पाहू.

प्रथम टायर कसा घडतो ते ध्यानात घेतले पाहिजे. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या योगे रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधून काढली, आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे एकस्व मिळविले. आजचा टायर या दोन्ही शोधांवर उभा आहे. नायलॉनच्या दोऱ्यांचे किंवा पोलादी तारांचे थर रबरात गुंडाळून एका फिरत्या नळकांड्यावर चढवितात. कडांना तारांची मजबूत कडी बसवितात. वरून जाड रबराचा पट्टा लावून त्याची टोके जोडतात. असा कच्चा टायर नक्षी कोरलेल्या तप्त साच्यात ठेवून आतून दाब देतात. दीडशे अंश सेंटिग्रेडच्या आसपासच्या उष्णतेत रबर पक्के होते आणि साच्याची नक्षी त्याच्यावर उमटते. आपल्याकडे फोंडा तालुक्यातील उसगाव येथे एम. आर. एफ. कंपनीचा टायरांचा कारखाना आहे, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच.

या घडणीवरून एक गोष्ट उघड होते. टायर हा लेथवर कातलेल्या पोलादी चाकासारखा अगदी निर्दोष वर्तुळाकार असू शकत नाही. थरांना जोड असतो, पट्ट्याला जोड असतो, साच्याचे भाग एकमेकांना भिडतात तेथे बारीक रेषा उठते. कारखाना या सर्वांना ठराविक मर्यादेपर्यंत मुभा देतो. म्हणून नव्या टायरवर जे जे असमान दिसेल ते ते दोषास्पद, असे समजणे ही पहिली चूक होय.

जी विषमता मुळीच दोष नव्हे, तिची चार उदाहरणे देतो. पहिले, नव्या टायरवर दिसणारे रबराचे बारीक केस. साच्यातील हवा बाहेर जाण्यासाठी जी छिद्रे ठेवलेली असतात, त्यांत रबर शिरून हे केस तयार होतात. ते गाडी चालताच झडून जातात. दुसरे, ठोकळ्यांची कमीअधिक लांबी. सर्व ठोकळे एकाच लांबीचे केले तर ते रस्त्यावर समान अंतराने आपटतात आणि एकाच सुराचा कर्कश घोंगाट होतो; तो मोडावा म्हणून पुष्कळ नक्षींत दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे मुद्दाम उलटसुलट क्रमाने मांडलेले असतात. तिसरे, काही खाचांच्या तळाशी रबराचे पूल किंवा लहान उंचवटे असतात. पूल शेजारच्या ठोकळ्यांना आधार देतात, काही उंचवटे खाचेत अडकलेले दगड बाहेर ढकलतात, तर काही झीज कोठवर आली हे दाखविण्यासाठीच ठेवलेले असतात. अशा उंचवट्यावर माप घेतले तर खाच उथळ आहे असा खोटा निष्कर्ष निघतो. चौथे, खांद्याकडील ठोकळे एकाआड एक आखूड व लांब असणे. चिखलात कडेने पकड मिळावी हा त्याचा हेतू असतो. ही चारही लक्षणे टायरच्या संपूर्ण परिघावर एका ठरीव योजनेने पुन्हा पुन्हा येतात. योजना दिसली की शंका सोडून द्यावी.

आता खऱ्या विषमतेकडे वळू. येथे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भेद असा की, नक्षीची खोली ही एक गोष्ट आणि नक्षीची उंची ही दुसरी गोष्ट. खोली आपण खाचेच्या तळापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंत मोजतो. उंची मोजावयाची ती चाकाच्या आसापासून. रबर झिजले तर खोली कमी होते. परंतु टायर वाकडा बसला असेल, रिम वाकडी असेल किंवा आतील थर सुटून टायर फुगला असेल, तर खोली सर्वत्र सारखी असूनही उंची कमीअधिक भरते. डोळ्याला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. मापाला मात्र ते निरनिराळे दिसतात. सारा वाद पुष्कळदा या एका भेदाने मिटतो.

खोली मोजण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. आपल्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरच्या मागच्या टोकातून जी बारीक पट्टी बाहेर येते, ती खोली मोजण्यासाठीच असते. ट्रक सपाट जागी उभा करून, चाकांना दगडांची अडण लावून, टायरच्या परिघावर समान अंतराने खडूच्या आठ खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेपाशी बाहेरची, मधली आणि आतली अशी तीन मापे एकाच जातीच्या खाचेत घ्यावीत. जमिनीला टेकलेल्या भागाची मापे ट्रक थोडा पुढे घेतल्यावर मिळतील. अशी चोवीस मापे वहीत आठ ओळी आणि तीन रकाने पाडून लिहिली की टायरची जणू प्रगतिपुस्तिकाच तयार होते.

ती वाचावयाची कशी ? समजा, आठही ओळींत मधला रकाना कमी भरला, म्हणजे मधोमध झीज अधिक आहे. याचा अर्थ हवा प्रमाणाबाहेर भरली जाते आणि टायर मध्यभागी फुगून तेवढाच रस्त्याला टेकतो. दोन्ही कडांचे रकाने कमी आणि मधला अधिक भरला, तर हवा कमी आहे किंवा भार प्रमाणापेक्षा जास्त आहे. हवेचा दाब टायर थंड असतानाच पाहावा. कारण धावल्याने टायर तापतो, आतील हवा तापते आणि दाब वाढलेला दिसतो. तापलेल्या टायरमधील हवा कमी करून ‘दाब बरोबर केला’ असे समजणारा चालक सकाळी कमी हवेवर निघतो.

एकच बाजू सर्व ओळींत कमी भरली तर दोष बहुधा पुढच्या चाकांच्या मांडणीत असतो. चाक वरून आत किंवा बाहेर कलले असेल, त्यास कॅम्बर बिघडला म्हणतात. तेव्हा एक खांदा सरळ व गुळगुळीत झिजतो. पुढची दोन्ही चाके एकमेकांकडे अधिक वळली असतील तर त्यास टो-इन, आणि एकमेकांपासून दूर वळली असतील तर टो-आउट म्हणतात. यात ठोकळ्याच्या एका कडेला पिसासारखी धार येते. गाडी उभी असता, काच वा तार रुतलेली नाही हे पाहून, तळहात हलकेच आडवा फिरवावा. बाहेरून आत जाताना हात गुळगुळीत सरकला आणि आतून बाहेर येताना धार लागली, तर टो-इन अधिक आहे. याच्या उलट असेल तर टो-आउट.

चाकाच्या एवढ्याशा तिरकेपणाने काय होणार, असे कोणास वाटेल. भूमिती येथे उत्तर देते. एक अंशाच्या कोनाचा स्पर्शक सुमारे ०.०१७५ आहे. म्हणजे चाक आपल्या मार्गापासून एक अंश तिरके असेल, तर ट्रक एक किलोमीटर पुढे जातो तेव्हा ते चाक सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासले जाते. शंभर किलोमीटरांत हीच घसट पावणेदोन किलोमीटरांची होते. नव्या टायरचे रबर थोड्याच दिवसांत कोठे गेले, हे यावरून कळून येईल.

यापुढचा प्रकार एकेका ठोकळ्यातला आहे. प्रत्येक ठोकळ्याची एक आडवी कड उंच आणि दुसरी उतरती, त्यामुळे करवतीच्या दात्यांसारखी रांग दिसते. खडकाळ वाटेच्या टायरांत हा प्रकार विशेष आढळतो, आणि त्याचे कारण त्यांच्या गुणातच दडलेले आहे. चिखलात रुतून पकड घ्यावी म्हणून त्यांच्या खाचा खोल व रुंद ठेवतात. म्हणून ठोकळे उंच आणि एकमेकांपासून सुटे होतात. उंच ठोकळा अधिक वाकतो. नवा, उंच खोडरबर कागदावर उभा धरून घासला तर तो वाकून त्याची एकच कड झिजते. तोच झिजून आखूड झाला म्हणजे ताठ राहतो. टायरचेही तसेच आहे. नक्षी सर्वांत उंच असते ती टायर नवा असतानाच, आणि म्हणून ही विषमता नव्या टायरांवरच लवकर उठून दिसते. असा टायर कच्च्या वाटेऐवजी डांबरी रस्त्यावर फार धावला की ती आणखी वाढते. उपाय साधा आहे: हवा बरोबर ठेवावी, आणि ठराविक अंतर धावल्यावर चाकांची अदलाबदल करून फिरण्याची दिशा उलटवावी. मात्र ज्या टायरच्या भिंतीवर दिशेचा बाण छापलेला असेल तो उलटा बसवू नये.

परिघावर काही काही अंतराने वाटीसारखे खळगे पडले असतील, तर चाक रस्त्यावर उसळत आहे असे समजावे. बेअरिंग सैल होणे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी होणे किंवा चाकाचा तोल बिघडणे ही त्याची नेहमीची कारणे होत. याउलट सात ओळी सारख्या आणि एकच ओळ एकाएकी उथळ भरली, तर ब्रेक गच्च बसून चाक एकाच जागी घासले गेले असण्याचा संभव असतो. परंतु त्या जागी रबर बाहेर फुगलेले तर नाही ना, हे आधी पाहावे. त्याविषयी पुढे सांगू.

मागच्या जोडचाकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. एकाच बाजूला दोन टायर खांद्याला खांदा लावून फिरतात; त्यांना वेगवेगळे फेरे घेता येत नाहीत. १०.००-२० या मापाच्या टायरचा व्यास सुमारे १०५ सेंटिमीटर असतो, परीघ सुमारे ३.३ मीटर, आणि एका किलोमीटरला तो सुमारे ३०० फेरे घेतो. समजा, नव्या टायरच्या जोडीला जुना टायर लावला आणि त्याचा व्यास १० मिलिमीटरांनी लहान आहे. मग त्याचा परीघ सुमारे ३१ मिलिमीटरांनी कमी झाला. तीनशे फेऱ्यांत हा फरक सुमारे नऊ मीटरांचा होतो. भाराने टायर दबतो म्हणून त्यातील काही भाग सामावला जातो. उरलेला रबराला घासून भरून काढावा लागतो. शिवाय मोठा टायर आपल्या वाट्याहून अधिक भार उचलतो व तापतो. नवा आणि गोटा झालेला टायर एका जोडीत लावणे ही काटकसर नव्हे.

आता दुसरी बाजू पाहू. खोली चोवीसही ठिकाणी सारखी भरली, तरी टायर फिरताना वरखाली किंवा डुलताना दिसतो. येथे झीज निर्दोष ठरली. शोध आकाराचा करावयाचा. जाणत्या कारागिराने जॅकवर चाक उचलून, खाली भक्कम आधार देऊन ते हळू फिरवावे आणि स्थिर टेकूवर धरलेली खडूची कांडी नक्षीच्या जवळ न्यावी. उंच भागालाच खडू लागेल. पण हा उंचवटा टायरचा, रिमचा की हबचा ?

येथे विज्ञानाचा एक जुना नियम कामास येतो: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम टायरच्या भिंतीवर, रिमच्या कडेशी समांतर अशी जी बारीक वर्तुळाकार रेषा असते ती पाहावी. ती रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर नसेल, तर टायरची कड रिमवर नीट बसलेलीच नाही. हवा पूर्ण काढून, कडेला साबणाचे पाणी लावून टायर पुन्हा बसविला की हा दोष जातो. टायरला बोल लावण्याचे कारण उरत नाही. रेषा बरोबर असेल तर टायर व रिम यांवर खडूने एकेक खूण करून, हवा काढून, टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून बसवावा. उंचवटा टायरच्या खुणेबरोबर सरकला तर तो टायरचा. रिमच्या खुणेपाशीच राहिला तर रिमचा किंवा हबचा. मग तीच रिम हबवर निराळ्या बोल्टांवर चढवून उरलेल्या दोघांचा निकाल लावावा. पुष्कळ कारखाने टायरची हलकी बाजू दाखविण्यासाठी भिंतीवर पिवळा ठिपका देतात. तो व्हॉल्वजवळ ठेवला की तोल राखण्यास मदत होते.

उभ्या राहिलेल्या ट्रकांचा विचारही येथे केला पाहिजे. गोव्यातील खाणींचे काम २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडले, तेव्हा असंख्य ट्रक महिनोन्‌महिने एकाच जागी उभे राहिले. एकाच बाजूवर भार घेऊन उभा राहिलेला टायर तेथे चपटा होतो. नायलॉनच्या थरांचा टायर धावून तापल्यावर गार होत असताना उभा राहिला तरी असा चपटेपणा घेतो, पण थोडे अंतर धावून पुन्हा ऊब आली की तो बहुधा नाहीसा होतो. दीर्घकाळ उभे राहून आलेला चपटेपणा मात्र कायमचा ठरू शकतो, आणि उन्हाने रबरास भेगाही पडतात. न वापरलेला टायर म्हणजे नवा टायर, असेही समजू नये. भिंतीवरील चार आकडी खूण वाचावी: ३५२३ याचा अर्थ २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा.

दोन ठिकाणी मात्र मोजमाप बाजूस ठेवून थांबलेच पाहिजे. नक्षीवर किंवा भिंतीवर एकाच जागी आवाळूसारखा फुगवटा दिसला, तर आतील थर सुटले आहेत असे धरून टायर तत्काळ उतरवावा. तो दुरुस्त होत नाही, आणि थोडे दिवस चालवून पाहण्याजोगाही नाही. दुसरे असे की, ट्रकच्या पुष्कळ रिमांना पोलादी कडे असते. हवा भरताना ते नीट बसले नसेल तर तोफेच्या गोळ्याप्रमाणे उडते. हे काम लोखंडी पिंजऱ्यात, अनुभवी माणसानेच करावे; पाहणाऱ्याने समोर उभे राहू नये. आमच्या विद्यार्थिवाचकांनी तर जॅक आणि हवा यांच्या वाटेस मुळीच जाऊ नये.

त्यांच्या हाती राहते ते वहीचे काम, आणि ते हलके नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी किंवा शेजारी ट्रक आहे. नवे टायर बसले त्या दिवशीच चोवीस मापे लिहून ठेवावीत, तारीख आणि मीटरवरील आकडा टिपून ठेवावा, आणि महिन्याने तीच मापे पुन्हा घ्यावीत. पहिल्या दिवशीची ओळ वहीत नसेल तर पुढे आलेली विषमता जन्माची की नंतरची, हे कोणासही सांगता येत नाही. ती ओळ असली तर मालक दुकानदाराशी भांडावयास नव्हे, पुरावा दाखवावयास जातो. आणि पुरावा आपल्या गाडीविरुद्ध निघाला, तर नवा टायर घेण्याऐवजी तो अलाइनमेंट करून घेतो. एका कुटुंबाची काही महिन्यांची बचत वाचावी आणि घाटातून उतरणारा एक ट्रक सुखरूप घरी यावा, एवढे सामर्थ्य खडूच्या आठ खुणांत आणि वहीच्या एका पानात आहे.